तिखट नाही, म्हणून कुत्र्याला चालतं असं नाही

"तिखट नाहीये, दे तिला थोडं."

हे वाक्य मी स्वतः कितीतरी वेळा बोलले आहे. दोन वर्षांपूर्वी आमच्या भुरीने ओट्याखाली ठेवलेलं अर्धं पातेलं रस्सा चाटूनपुसून साफ केला, तेव्हाही माझ्या मनात पहिलं हेच आलं. मिरची घातलीच नव्हती, मग काळजी कसली? पाच-सहा कांदे वाटून घातले होते आणि लसणाचा अख्खा गड्डा. भुरीचं वजन नऊ किलो.

दोन दिवस ती अगदी ठणठणीत होती. तिसऱ्या दिवशी जिना चढताना मध्येच बसली. चौथ्या दिवशी लघवी कोऱ्या चहासारखी गडद झाली. डॉक्टरांनी तिचा ओठ वर करून हिरड्या बघितल्या. एरवी गुलाबी असणाऱ्या हिरड्या पांढुरक्या पडल्या होत्या. त्यांनी पहिलाच प्रश्न विचारला, "चार-पाच दिवसांत कांदा-लसूण पोटात गेलाय का?"

भुरी बरी झाली. पण तो प्रश्न माझ्या डोक्यातून गेला नाही, म्हणून आज हे सगळं लिहितेय.

आपण मसाले जिभेने मोजतो. जे झोंबतं ते वाईट, जे सौम्य ते चालतं. कुत्र्याच्या बाबतीत हा हिशेब जवळजवळ उलटा आहे. मिरचीतलं कॅप्सायसिन त्याच्याही तोंडाची आग करतं. लाळ गळते, पोट बिघडतं, जुलाब होतात. मुद्दाम देणं क्रूरपणाच आहे. पण मिरची निदान लगेच कळते, बहुतेक कुत्री पहिल्या चाटण्यातच मागे सरतात. कांदा-लसूण तसं काही कळू देत नाही. त्यातली गंधकयुक्त संयुगं रक्तातल्या तांबड्या पेशींवर हल्ला करतात, पेशी फुटू लागतात आणि रक्तक्षय होतो. याला दिवस लागतात, म्हणून "परवा खाल्लं, काही झालं नाही" या बोलण्याला काहीच अर्थ नाही.

कुत्र्याच्या वजनाच्या दर किलोमागे १५ ते ३० ग्रॅम कांदा पोटात गेला की रक्तात दखल घेण्याजोगे बदल दिसतात. दहा किलोच्या कुत्र्याला म्हणजे दीडशे ग्रॅमपासून पुढे. लसूण त्याहून जहाल. शिजवल्याने विष जात नाही, तळल्याने नाही आणि वाळवल्यानेही नाही. उलट वाळवलेल्या कांद्यातलं पाणी निघून गेलेलं असतं, त्यामुळे पूड चमचाभर असली तरी ती बऱ्याच कांद्याची असते. सुपाची पाकिटं, तयार मसाले, चिप्सवरची भुकटी, सगळ्यांच्या मागे बारीक अक्षरात कांद्याची नाहीतर लसणाची पूड लिहिलेली सापडते. रोज थोडं थोडं दिलं तरी ते साठत जातं. पातीचा कांदाही त्याच घरातला. अकिता आणि शिबा इनू या जपानी जाती तर याला जास्तच बळी पडतात.

आणि कृपा करून "लसूण दिला की गोचीड जातात" हे सांगणं थांबवा. गोचीड जातात याला भरवशाचा पुरावा नाही. तांबड्या पेशी मात्र नक्की जातात. गोचिडांवर चांगली औषधं आहेत, ती डॉक्टरांकडून घ्या.

चिंचेबद्दल तर मला स्वतःला धक्का बसला होता. द्राक्षं आणि मनुका खाऊन कुत्र्यांची मूत्रपिंडं निकामी होतात हे पशुवैद्यांना बरीच वर्षं माहीत होतं, पण द्राक्षातलं नेमकं काय बाधतं ते उमगत नव्हतं. २०२१ च्या सुमारास अमेरिकेतल्या विषबाधेच्या पशुवैद्यांनी टार्टारिक आम्लाकडे बोट दाखवलं. क्रीम ऑफ टार्टर (बेकिंगमध्ये वापरतात ती आंबट पूड) आणि चिंच खाल्लेल्या कुत्र्यांमध्येही मूत्रपिंडाची तशीच इजा दिसली होती आणि या दोन्हींत तेच आम्ल भरपूर असतं. चिंचेचा कोळ किंवा चिंचेची चटणी मी तेव्हापासून भुरीच्या आसपासही ठेवत नाही. मनुका घातलेली गोड चटणीही नाही.

मीठ. कुत्र्याला मीठ पूर्ण वर्ज्य नाही, त्याच्या खाण्यातून हवं तेवढं मिळतच असतं. पण किलोमागे दोन-तीन ग्रॅम एकदम गेलं तर उलट्या, प्रचंड तहान, थरथर, झटके, आणि चार ग्रॅमच्या आसपास जीवच जाऊ शकतो. पाच किलोच्या पिल्लाला विषबाधा व्हायला दोन-तीन छोटे चमचे मीठ पुरतं. विषारी काही खाल्लं की उलटी काढायला मिठाचं पाणी पाजायचा जुना उपाय अजून सांगितला जातो. तो करू नका. त्या पाण्यानेच कुत्री दगावली आहेत. एक मोठा चमचा सोया सॉस म्हणजे साधारण सव्वादोन ग्रॅम मीठ, हेही लक्षात असू द्या.

सॉसच्या बाटल्यांत दुसरी भीती साखरेऐवजी घातलेल्या झायलिटॉलची. 'शुगर-फ्री' लिहिलेलं केचप किंवा पीनट बटर घेतलंत तर घटकांची यादी वाचाच. माणसाला त्याची अशी विषबाधा होत नाही. कुत्र्याच्या शरीरात मात्र इन्सुलिनचा लोंढा सुटतो आणि अर्ध्या तासात रक्तातली साखर कोसळू शकते. त्यासाठी किलोमागे ०.१ ग्रॅम इतकं कमी पुरतं. त्याहून बरंच जास्त गेलं तर यकृतही निकामी होऊ शकतं. मेयोनेजचा त्रास वेगळा, इतकं तेल एकदम पोटात गेलं की स्वादुपिंडाला सूज येऊ शकते.

जायफळात मिरिस्टिसिन असतं. एखाद्या बिस्किटातला कण काही करणार नाही, पण अख्खं जायफळ चघळलं तर भास, छातीत धडधड, झटके. मोहरी पोटाची आतून जळजळ करते. लवंगेचं आणि दालचिनीचं तेल नकोच, तेल हा त्या मसाल्याचा कित्येक पट अर्क असतो.

मग चालतं काय? चिमूटभर हळद, थोडं आलं, जिरं, बडीशेप, कोथिंबीर, तुळस, जराशी दालचिनी पूड (नाकात जाऊ देऊ नका, खोकत सुटतात). यांनी निरोगी कुत्र्याला बाधा होत नाही. प्रवासात मळमळणाऱ्या कुत्र्याला आल्याचा उपयोगही होतो.

पण हळदीच्या रोजच्या डोसाबद्दल माझं मत स्पष्ट आहे. सांधेदुखीसाठी हळद, तेल आणि मिरपूड यांचं चाटण करून महिनोन्महिने देणारे बरेच जण आहेत. सगळं प्रेमापोटीच, हे मला कळतं. मात्र हळदीतलं कर्क्युमिन शरीरात फार कमी शोषलं जातं, मिरपूड ते शोषण वाढवते आणि त्याबरोबर इतर औषधांचंही गणित बदलू शकते. रक्त पातळ करणारी औषधं चालू असतील किंवा पित्ताशयाचा त्रास असेल तर हळद महागात पडू शकते. लंगडणाऱ्या कुत्र्याला आधी तपासून घ्यायचं सोडून चाटण देत बसलो, तर दुखणं आत वाढत राहतं.

आणि खरंच, चवीची गरज कुणाला आहे? माणसाच्या जिभेवर सुमारे ९००० स्वादकलिका, कुत्र्याच्या जिभेवर १७०० च्या आसपास. तो जेवतो नाकाने. नुसत्या उकडलेल्या मांसाचा वास आला तरी भुरी झोपेतून उठून येते.

आमच्याकडे आता तिचा वाटा कांदा, लसूण, मीठ पडायच्या आधीच बाजूला निघतो. पातेली ओट्याखाली ठेवत नाही. आणि तुमच्या कुत्र्याने यातलं काही खाल्लंच, तर लक्षणांची वाट बघू नका, घरी उलटी काढू नका. काय खाल्लं, साधारण किती, किती वाजता आणि कुत्र्याचं वजन किती, एवढं डॉक्टरांना फोनवर सांगा आणि निघा. पाकीट किंवा बाटली सोबत घ्या, मागची घटकांची यादी त्यांना बघू दे.