जुन्या कॉम्प्युटरवर ‘फ्री स्क्रीन सेव्हर’ टाकण्याआधी

व्हॉट्सॲपवर एक सल्ला पुन्हा पुन्हा फिरत असतो. घरातल्या जुन्या कॉम्प्युटरवर नेटवरून एखादा छान स्क्रीन सेव्हर (कॉम्प्युटर काही वेळ नुसता पडून राहिला की पडद्यावर येणारी हलती चित्रं) उतरवून टाका. मॉनिटर टिकतो, लाइट बिल कमी येतं, आणि ती नुसती हलती चित्रं असल्यामुळे व्हायरसची भीती नाही. असे जुने कॉम्प्युटर बऱ्याच घरांत आजी-आजोबांच्या किंवा शाळकरी मुलांच्या वाट्याला येतात, म्हणून हा सल्ला मला खटकतो. तिन्ही दावे चुकीचे आहेत, पण शेवटचा घातक आहे. आधी तोच घेतो.

स्क्रीन सेव्हरची फाइल म्हणजे चित्र नव्हे. विंडोजमध्ये तिचं एक्स्टेन्शन, म्हणजे नावातल्या शेवटच्या टिंबानंतरचा भाग, ‘एससीआर’ असतं आणि आतून ती ‘ईएक्सई’सारखाच पुरता प्रोग्राम असते. डबल क्लिक केलं की ती चालू होते, आणि त्या कॉम्प्युटरवर तुम्हाला जे करता येतं ते तिलाही करता येतं: फाइली वाचणं, पुसणं, नेटवरून आणखी काहीबाही खेचून आणणं. जुन्या विंडोज एक्सपीवर घरातलं खातं बहुधा ॲडमिनिस्ट्रेटरचंच, म्हणजे सगळे अधिकार असलेलं असतं, त्यामुळे तिला अडवणारंही कुणी नसतं. ऑगस्ट 2003 मध्ये सोबिग-एफ आणि जानेवारी 2004 मध्ये मायडूम या वर्मनी (आपणहून पसरणाऱ्या व्हायरसनी) जगभर धुमाकूळ घातला. दोन्ही ईमेलमधून पसरले आणि दोन्हींच्या अटॅचमेंटमध्ये एससीआर फाइली असत.

फसवणूक कशी होते तेही नीट पाहा. विंडोज ओळखीची एक्स्टेन्शन मुळातच लपवून ठेवतं. त्यामुळे ‘फोटो.जेपीजी.एससीआर’ असं नाव दिलेली फाइल तुम्हाला ‘फोटो.जेपीजी’ एवढीच दिसते. आयकॉनही फोटोचाच दिसतो, कारण प्रोग्रामला हवा तो आयकॉन लावता येतो. शंका आली तर डबल क्लिक करू नका, राइट क्लिक करा. मेनूमध्ये ‘टेस्ट’, ‘कॉन्फिगर’, ‘इन्स्टॉल’ असे पर्याय आले तर तो फोटो नाही. फोल्डर ऑप्शन्समध्ये जाऊन ‘हाइड एक्स्टेन्शन्स’समोरची खूणही आजच काढून टाका.

‘नावाजलेल्या साइटवरून घेतला तर काय बिघडतं?’ असं कुणी विचारेल. फुकटच्या स्क्रीन सेव्हरच्या सेटअपमध्ये टूलबार आणि जाहिरातींचे प्रोग्राम आधीच टिक करून ठेवलेले असायचे. ‘नेक्स्ट, नेक्स्ट’ करणाऱ्याला ते दिसायचेही नाहीत. मॅकफी कंपनीने 2009 मध्ये शोधायला सर्वांत धोकादायक शब्दांचा अहवाल काढला, त्यात ‘स्क्रीनसेव्हर्स’ हा शब्द अगदी वरच्या फळीत होता. आणि ‘अँटिव्हायरस आहे ना’ म्हणून निर्धास्त राहण्यात अर्थ नाही. मायक्रोसॉफ्टने एक्सपीचा सपोर्ट, म्हणजे सुरक्षेच्या दुरुस्त्या देणं, 8 एप्रिल 2014 रोजी थांबवलं, विंडोज 7 चा 14 जानेवारी 2020 रोजी. त्यानंतर सापडलेली सुरक्षेतली भोकं या घरगुती कॉम्प्युटरवर बहुतांशी उघडीच आहेत.

मॉनिटर टिकतो, हा दावा एके काळी खरा होता. जुन्या डबा मॉनिटरमध्ये काचेच्या आतल्या बाजूला उजेड देणाऱ्या फॉस्फरचा थर असे. तीच अक्षरं तासन्‌तास एकाच जागी राहिली की तिथला फॉस्फर झिजायचा आणि अक्षरांचा ठसा कायमचा उमटायचा. यावर जॉन सोचा यांनी आयबीएम पीसीसाठी लिहिलेला छोटा प्रोग्राम डिसेंबर 1983 च्या सॉफ्टटॉक मासिकात छापून आला. तीन मिनिटं कळ दाबली नाही की तो स्क्रीन काळी करायचा, बस. मासे, धबधबे, उडते टोस्टर हे सगळं पुढचं. साध्या एलसीडीत, म्हणजे नंतरच्या सपाट मॉनिटरमध्ये, तर फॉस्फरचा तो थरच नाही. तिथे झिजतो तो मागचा दिवा, आणि स्क्रीन सेव्हर चालू असेपर्यंत तो दिवा जळतच राहतो.

विजेचंही तसंच. खोलीत अंधार करून एलसीडीवर काळाकुट्ट स्क्रीन सेव्हर लावून बघा: कडांमधून उजेड झिरपताना दिसतो. 30 वॅटचा मॉनिटर रोज आठ तास असा उगाच चालू राहिला तर महिन्याला 7.2 युनिट गेले. त्यात थ्रीडी पाइप्ससारखा सेव्हर असेल तर प्रोसेसरही रिकामा बसत नाही; जुन्या मशीनचा पंखा घरघरू लागतो तो त्यामुळेच. वीज वाचवायची तर मॉनिटर बंद व्हायला हवा. एक्सपीत डेस्कटॉपवर राइट क्लिक, प्रॉपर्टीज, स्क्रीन सेव्हर, मग ‘पॉवर’ बटण. तिथे ‘टर्न ऑफ मॉनिटर’ला दहा मिनिटं द्या. विंडोज 7 मध्ये पर्सनलाइझमधल्या स्क्रीन सेव्हरच्या खिडकीत खाली ‘चेंज पॉवर सेटिंग्ज’ आहे.

स्क्रीन सेव्हर हवाच असेल तर हौस जरूर करा, पण विंडोजमधलाच घ्या. एक्सपीत ‘माय पिक्चर्स स्लाइडशो’ आणि 7 मध्ये ‘फोटोज’ आहे. नातवंडांच्या फोटोंचा फोल्डर दाखवला की काम झालं, काहीही उतरवावं लागत नाही. खात्याला पासवर्ड असेल तर शेजारच्या ‘ऑन रिझ्यूम’ चौकटीत टिक करा. उठून गेल्यावर दुसऱ्या कुणाला कॉम्प्युटर उघडता येणार नाही.

आणि बाहेरून आणलेला आधीच टाकून झाला असेल, तर कंट्रोल पॅनेलमधून तो आणि त्याच्यासोबत आलेले अनोळखी प्रोग्राम काढा. त्या कॉम्प्युटरवर कधी बँकेचं किंवा ईमेलचं खातं उघडलं असेल, तर ते पासवर्ड दुसऱ्या, चांगल्या मशीनवरून बदला.