शेजाऱ्याला मुरूम लागला म्हणून तुम्हालाही लागेल? बेसाच्या वाचकाला उत्तर

नमस्कार भाऊ,

माती परीक्षणावरच्या माझ्या लेखावर तुम्ही सडेतोड लिहिलंत, बरं केलंत. तुमचं म्हणणं थोडक्यात असं: नागपूरजवळ बेसाला प्लॉट आहे, घर एकच मजल्याचं, शेजाऱ्याला पाच-सहा फुटांवर मुरूम लागला, मिस्त्री जुना जाणता आहे. मग जमिनीत तपासणीचं भोक (बोअर) मारून सॉइल रिपोर्ट कशाला? जुन्या नागपुरातल्या महालातले वाडे कोणता रिपोर्ट बघून बांधले? आणि हे रिपोर्ट तर ऑफिसात बसूनच तयार होतात.

हा शेवटचा आरोप खरा आहे. एका प्लॉटचा बोअर लॉग (किती खोलीवर काय लागलं याची नोंद) दुसऱ्याला चिकटवलेले रिपोर्ट माझ्याही हातात आले आहेत. पण त्यावर उपाय तपासणी टाळणं हा नाही. बोअरचं मशीन येईल त्या दिवशी प्लॉटवर स्वतः उभे राहा. 63.5 किलोचं वजन 75 सेंटिमीटरवरून पडतं आणि खालची नळी मातीत शिरत जाते. पहिल्या 15 सेंटिमीटरचे ठोके सोडून द्यायचे, कारण भोकाच्या तळाची माती ढवळलेली असते. पुढच्या 30 सेंटिमीटरला किती ठोके लागले, तो आकडा म्हणजे एन व्हॅल्यू. तुम्ही वहीत लिहून ठेवा आणि रिपोर्टमधल्या आकड्याशी ताडून पाहा. खडकाचे कोअर, म्हणजे बोअरमधून काढलेले दांडीसारखे तुकडे, पेटीत खोलीच्या क्रमाने लावलेले असतात, पेटीवर बोअरचा नंबर असतो; तिचा फोटो तुमचा प्लॉट मागे दिसेल असा काढून घ्या. एवढं केलंत की ऑफिसात बसून कोणी काही लिहू शकत नाही.

आता शेजाऱ्याचा मुरूम. नागपूरची जमीन एका जातीची नाही. पश्चिमेला दख्खनचा काळा बेसॉल्ट, सीताबर्डीची टेकडी त्याचीच. पूर्वेला त्याहून कितीतरी जुने नाइससारखे खडक, उत्तरेला कामठीकडे वालुकाश्म. शहराच्या पातळीवर हे झालं, पण खरी फसगत प्लॉटच्या आत होते. बेसॉल्ट झिजतो तो सगळीकडे सारखा नाही. भेगांतून पाणी शिरतं, कडा कुजून मुरूम होतो आणि मधे कठीण गोल धोंडे शिल्लक राहतात. खोदताना पहार अशा धोंड्यावर खणकन वाजली की मिस्त्री म्हणतो, खडक लागला. त्या धोंड्याखाली पुन्हा मऊ मुरूम असू शकतो. बेसॉल्टच्या दोन थरांमधे कधी लाल मातकट पट्टाही असतो. वरून पक्का खडक, खाली भुसभुशीत. म्हणूनच खडक लागल्यावर न थांबता काही मीटर कोअर काढत जायचं असतं. मिस्त्रीचा अनुभव मी कमी लेखत नाही. खड्ड्याचा तळ तो माझ्यापेक्षा चांगला ओळखेल, पण तळाखालचं त्यालाही दिसत नाही आणि इमारतीचं वजन तर तिथेच उतरतं.

'एकच मजला' हा तुमचा मुद्दा मात्र नेमका उलटा आहे, आणि या उत्तरातलं बाकी काही विसरलात तरी चालेल, हे विसरू नका. आपली काळी माती पावसाळ्यात फुगते आणि मे महिन्यात हात जाईल एवढ्या भेगा पडेपर्यंत आकसते. फुगताना ती वर रेटते. चार मजली इमारतीचं वजन हा रेटा दाबून धरू शकतं; हलकं घर, कंपाउंडची भिंत, पोर्च उचलले जातात. पुन्हा हे सगळीकडे सारखं होत नाही. घराच्या मधली माती ओलसर राहते, कडेची उन्हात सुकते, त्यामुळे खिडकीच्या कोपऱ्यातून तिरक्या भेगा निघतात. दरवर्षी लांबी (पुट्टी) भरा, दरवर्षी त्या पुन्हा येतात.

माती किती फुगते हे पाहायची चाचणी अगदी साधी आहे. वाळवून बारीक चाळलेली माती 10-10 ग्रॅम दोन मापी नळ्यांत घालतात. एकीत पाणी, दुसरीत रॉकेल. रॉकेलात माती फुगत नाही. 24 तासांनी रॉकेलातली 10 मिलिलिटरवर आणि पाण्यातली 18 वर असेल, तर फुगवटा 80 टक्के झाला. 50 टक्क्यांच्या वर गेली तर ती माती फारच फुगणारी समजतात. मग फुटिंग (कॉलमखालचा पाया) काळ्या मातीच्या खाली मुरमात न्यायचं, की टोकाला फुगीर केलेले अंडररीम्ड पाइल (जमिनीत खोल उतरवलेले काँक्रीटचे खांब) घ्यायचे, हे स्ट्रक्चरल इंजिनिअर ठरवतो.

महालातले वाडे म्हणाल तर लाकडी खांब-तुळया आणि चुन्या-मातीच्या जाड भिंती थोडी हालचाल पोटात घालतात. आरसीसीच्या चौकटीत बसवलेली चार इंची भिंत तेवढ्याने तडकते. आणि जे वाडे पडले ते आज मोजायला कुठे आहेत?

खर्चाचं म्हणाल तर पायासाठी जमीन तपासण्याच्या भारतीय मानकाप्रमाणे (आयएस 1892) लहान, साध्या इमारतीला प्लॉटच्या मध्यावर एक बोअर किंवा चाचणी खड्डा पुरतो. चार कोपऱ्यांत चार आणि मधे एक हा नियम मोठ्या इमारतीचा. तुम्हाला कोणी पाच बोअरचं कोटेशन दिलं असेल, तर तुमचा राग रास्त आहे. ते परत पाठवा. फक्त काम फुटिंगचं डिझाइन होण्याआधी करा. सळई बांधून झाल्यावर आलेला रिपोर्ट फाइलीत ठेवण्यापलीकडे कामाचा नाही.

बोअरची जागा ठरवण्याआधी एक बिनखर्चाचं काम करा. तुमचं लेआउट पडण्याआधी तिथे शेत असेल, तर जुना सातबारा काढा. विहीर असल्यास त्यावर नोंद सापडू शकते. मूळ शेतमालकाला किंवा गावातल्या म्हाताऱ्या माणसांना विचारा, नाला कुठून वाहायचा, खड्डा कुठे बुजवला. बुजवलेल्या विहिरीवर एखादा कॉलम आला, तर मध्यावरच्या बोअरमध्ये ती दिसणार नाही. तसा संशय असेल तर त्या जागी दुसरा बोअर घ्या. लॉग हाती आला की इथे टाका, आपण मिळून वाचू.