ग्रँड बँकेत खातं नाही

बारावी कला शाखेला भूगोल घेणाऱ्याला सगळे एकच सांगतात: सोपा आहे रे, वाचायचं आणि लिहायचं. त्यातून बारावीचा भूगोल मानवी. विषय माणसांचा, आपणही माणूसच. अवघड काय असणार? माझ्या अंदाजाने हा युक्तिवाद पहिल्या घटक चाचणीपर्यंत टिकतो.

कारण या पुस्तकात माणूस भेटतो तो दर हजारी. जन्मदर ३०, मृत्युदर १०, म्हणजे वाढ २० टक्के, असं पोरं बिनधास्त लिहितात. ती वाढ हजारी २०, म्हणजे २ टक्के. २ टक्क्यांनी लोकसंख्या दुप्पट व्हायला साधारण ३५ वर्षं लागतात. २० टक्के धरली तर चार वर्षंही लागत नाहीत. आज अकरावीत बसलेला मुलगा पदवीधर होईपर्यंत देश दुप्पट, आणि एसटीत उभं राहायलाही जागा नाही.

लोकसंख्या संक्रमणाचे, म्हणजे जास्त जन्म-मृत्युदराकडून कमी दराकडे जाण्याचे, पाच टप्पे घोकू नयेत, काढावेत. जन्मदर आणि मृत्युदर, दोन रेषा पुरतात. दोन्ही वर सुरू होतात. आधी मृत्युदराची खाली येते, बऱ्याच काळाने जन्मदराची. लस आणि स्वच्छ पाणी गावात काही वर्षांत पोचतं. ‘आणखी एक होऊ दे’ म्हणणारी आजी बदलायला पिढी जावी लागते. या दोन रेषांमधली फट म्हणजेच लोकसंख्येचा विस्फोट. घाईत दोन्ही रेषा एकदमच खाली ओढल्या की फट मिटते, विस्फोट होत नाही आणि धड्याला काही कामच उरत नाही. वयोगटानुसार लोकसंख्या दाखवणाऱ्या मनोऱ्याचंही तसंच: डावीकडे पुरुष, उजवीकडे स्त्रिया, तळाशी तान्ही बाळं. तळाशी आजोबांना बसवलंत तर मनोरा वाचणाराच चक्रावेल.

खरा घात करतात ती ‘भौगोलिक कारणे’. साखर कारखाने उसाच्या पट्ट्यातच का? उत्तर येतं: ‘कारण तिथे ऊस असतो.’ खोटं नाही, पण याला गुण कोण देणार? १०० किलो उसातून साखर निघते १० ते ११ किलो. म्हणजे कारखाना लांब नेला तर उरलेल्या ८९ किलो चिपाड-पाण्याचं भाडं भरत बसायचं. शिवाय तोडलेला ऊस जितका पडून राहील तितका वाळतो, आतली साखर घटते. म्हणून ऊस कारखान्याकडे फार लांबून येत नाही, कारखानाच उसाकडे जातो. वजन घटणारा कच्चा माल, वाहतूक खर्च, नाशवंतपणा: तीन मुद्दे झाले. लगेच कापसाशी तुलना करून टाकावी. किलोभर रुईचं, म्हणजे सरकी काढलेल्या कापसाचं, सूतही जवळजवळ किलोभरच होतं, त्यामुळे गिरणीला शेताजवळ बसायची सक्ती नसते. मुंबईला बंदर, भांडवल आणि दमट हवा मिळाली, ती तिथेच रमली.

‘फरक स्पष्ट करा’मध्ये डाव्या रकान्यात केंद्रित वस्तीतली घरं जवळजवळ असतात आणि उजव्या रकान्यात विखुरलेली वस्ती डोंगराळ भागात असते. रकान्यांनी एकमेकांशी अबोला धरलेला. मुद्दा एकच हवा: घरांतलं अंतर तर दोन्हीकडे अंतर, जमीन तर दोन्हीकडे जमीन. उदाहरणासाठी देशावरची पांढरी, म्हणजे गावठाण, आठवावी, भिंतीला भिंत लागलेली आणि भोवती काळी, म्हणजे शेतजमीन, पसरलेली. समोर कोकणातली वाडी, उतारावर जिथे सपाट तुकडा मिळेल तिथे घर.

नकाशाकडे मात्र कोणी शेवटच्या आठवड्याआधी फिरकत नाही. ‘ग्रँड बँक दाखवा’ म्हटलं की पेन्सिल न्यूयॉर्ककडे धावते, बँक ती, तिथेच असणार! ती समुद्रात आहे हो, न्यूफाउंडलंडच्या आग्नेयेला. पाण्याखालचा उथळ उंचवटा तो. तिथे गल्फचा उष्ण आणि लॅब्राडोरचा थंड प्रवाह भेटतात, प्लवक, म्हणजे पाण्यात तरंगणारे सूक्ष्म जीव, वाढतं, त्यामागे मासे येतात. डॉगर बँकही अशीच, उत्तर समुद्रात. दोन्हीकडे पासबुक मिळत नाही. गवताळ प्रदेश खंडाला बांधूनच पाठ करावेत: प्रेअरी उत्तर अमेरिकेत, पंपास दक्षिण अमेरिकेत, स्टेप युरेशियात, वेल्ड आफ्रिकेत, डाउन्स ऑस्ट्रेलियात. आणि रंग-खुणांचा अर्थ सांगणारी सूची! चार रंगांनी नकाशा सजवून सूची विसरणं म्हणजे पत्रिका छापून मुहूर्त न घालणं. नकाशा पुरवणीची गाठही घट्ट मारावी. ती सुटली तर पंपास एकीकडे, तुम्ही दुसरीकडे.

शेवटचा धडा शेवटचा म्हणूनच राहतो, आणि मला त्याचं वाईट वाटतं, कारण पुस्तकातला सगळ्यात मजेशीर वाद तिथेच आहे: निसर्ग थोर की माणूस? ग्रिफिथ टेलर या भूगोलतज्ज्ञाने मधला रस्ता काढला. माणूस वाहतूक पोलिसासारखा आहे. तो प्रगतीचा वेग कमी-जास्त करू शकतो, निसर्गाने आखलेली दिशा बदलू शकत नाही. उपमा उत्तरात जरूर लिहा. फक्त त्याखाली पुण्यातल्या एखाद्या चौकाचं उदाहरण जोडू नका. परीक्षक त्याच चौकातून कसाबसा सुटून तपासायला बसलेला असू शकतो.