कॉम १ आणि कॉम ३ एकाच आयआरक्यूवर: कळमन्याच्या भाऊंना उत्तर

भाऊ, सीरियल पोर्टच्या (काट्यासारखी उपकरणं जोडायचा जुना पोर्ट, डॉसच्या भाषेत कॉम १, कॉम २ वगैरे) जंपरवर मी लिहिलेल्या लेखाखालची तुमची प्रतिक्रिया नीट वाचली. जुन्या मशीनच्या आयआरक्यूवरून, म्हणजे कार्ड प्रोसेसरला 'काम आलं' अशी हाक (इंटरप्ट) ज्या तारेनं मारतं तिच्यावरून, इतक्या पोटतिडकीनं भांडणारा माणूस आपल्या नागपुरात आहे, हे पाहून बरंच वाटलं. बाकी वाचकांसाठी तुमचं म्हणणं थोडक्यात सांगतो. मी लिहिलं होतं की कॉम १ आणि कॉम ३ एकाच वेळी वापरायचे असतील तर दोघांना आयआरक्यू ४ वर ठेवू नका, कार्डावरचा जंपर, म्हणजे दोन पिना जोडणारी छोटी टोपी, ५ वर न्या. तुम्ही याला 'जुन्या मेकॅनिकची अंधश्रद्धा' म्हणता. लिनक्सवर एकेका आयआरक्यूवर तीन-तीन डिव्हाइस सुखानं नांदतात; कॉम ३ ला आयआरक्यू ४ आयबीएमनंच दिला, मग तो चूक कसा; आणि कळमन्याच्या धर्मकाट्यावरच्या डॉसच्या मशीनला तुम्ही स्वतः मोठा काटा कॉम १ वर, छोटा काटा कॉम ३ वर आणि बाहेरचा डिस्प्ले कॉम २ वर लावलाय, संत्र्याच्या हंगामातही काही अडलं नाही. अडलंच तर कॉम ४ आहे, नाहीतर काही शे रुपयांचं यूएसबी कन्व्हर्टर आहे. असं सगळं.

लिनक्सपासूनच धरू, कारण खरी गोम तिथेच आहे. तुमच्या घरच्या मशीनवर प्रोक-इंटरप्ट्स ही, कोणत्या आयआरक्यूवर कोण बसलंय ते दाखवणारी फाइल पुन्हा उघडा आणि या वेळी डिव्हाइसच्या नावाआधीचा रकाना वाचा. जिथे तीन-तीन नावं एका ओळीत दिसतात तिथे 'फास्टईओआय' किंवा 'लेव्हल' असं काहीतरी असेल. ती पीसीआयची, म्हणजे आयएसएनंतर आलेल्या स्लॉटची मंडळी. टीटीवायएस-० ची, म्हणजे आपल्या कॉम १ ची ओळ पाहा. तिथे 'एज' लिहिलेलं असेल, आणि त्या ओळीत तो बहुधा एकटाच असेल. तुमच्या-माझ्या मतभेदाचं अर्धं उत्तर त्या एका रकान्यात आहे.

पीसीआयवर इंटरप्टची तार विश्रांतीत वर असते आणि ज्याला काम आहे तो तिला खाली ओढतो. दोघांनी एकदम ओढली तरी कोणाचं बिघडत नाही, आणि एकाचं काम झालं तरी दुसऱ्यानं ओढून धरलेली असेपर्यंत ती खालीच राहते. त्यामुळे प्रोसेसरला पुन्हा पुन्हा कळत राहतं की अजून कोणीतरी बाकी आहे. आयएसएवर, म्हणजे जुनं सीरियल कार्ड बसतं त्या स्लॉटवर, सगळं उलटं. तिथे प्रत्येक कार्ड आपली तार स्वतः चालवतं: काम नसताना जोर लावून खाली धरतं, काम आलं की जोर लावून वर नेतं. एकाच तारेवर दोन कार्डं सोडली की एक वर ढकलतं, दुसरं खाली दाबतं. व्होल्टेज मध्येच कुठेतरी लटकतं आणि बहुतेक वेळा खाली दाबणारा जिंकतो. म्हणजे छोट्या काट्यानं हाक मारली तरी ती ८२५९ पर्यंत, या हाका गोळा करून प्रोसेसरला कळवणाऱ्या चिपपर्यंत, पोचतच नाही. हे दोन आयसींचं आपसातलं भांडण आहे. त्यात कोणतीही ऑपरेटिंग सिस्टीम मध्यस्थी करू शकत नाही.

बरं, कोणी हुशार माणसानं डायोड लावून वायरिंग सुधारलं असं समजू. असे उद्योग केलेली कार्डं मी पाहिली आहेत, आणि विजेपुरतं ते चालतंही. पण पीसीमध्ये ८२५९ 'एज'वर बसवलेला आहे, म्हणजे तार खालून वर जाते तो क्षणच तो मोजतो. ती नुसती वर असण्याशी त्याला देणंघेणं नाही. मोठ्या काट्यानं तार वर नेली, त्याचं अक्षर वाचून होण्याआधी छोट्या काट्यानंही वर धरली, तर मोठ्याचं काम संपल्यावरही तार खाली येतच नाही. खाली आली नाही तर पुन्हा वर जायची कशी? प्रोग्रॅम मोठ्या काट्याचं अक्षर घेऊन परत गेला की तो आयआरक्यू मेला. पडद्यावरचं वजन गोठतं, ऑपरेटर शिव्या घालत मशीन बंद-चालू करतो आणि दोष केबलवर जातो. लिनक्सचा सीरियल ड्रायव्हर यावर उपाय करतो. इंटरप्ट आला की त्या तारेवरच्या प्रत्येक पोर्टला तो विचारत फिरतो, आणि सगळे 'काही नाही' म्हणेपर्यंत थांबत नाही. डॉसमधल्या बिलिंग प्रोग्रॅमांकडून ही अपेक्षा ठेवू नका. आपला पोर्ट वाचायचा, ८२५९ ला 'झालं' सांगायचं आणि सुटायचं, एवढंच बहुतेकांना येतं.

आता आयबीएम. १९८१ च्या पीसीत आयबीएमनं दोनच सीरियल पोर्ट ठरवून दिले होते: कॉम १, पत्ता ३एफ८, आयआरक्यू ४, आणि कॉम २, पत्ता २एफ८, आयआरक्यू ३. तेव्हा सगळ्या मिळून आठच ओळी होत्या. १९८४ च्या एटीत, म्हणजे पीसीच्या पुढच्या मॉडेलमध्ये, दुसरा ८२५९ आला, पण तो पहिल्याच्या आयआरक्यू २ मधून जोडला. म्हणून जुन्या कार्डावरचा '२' एटीत ९ वर जाऊन पोचतो. कॉम ३ आणि ४ चे ३ई८ आणि २ई८ हे पत्ते कार्ड बनवणाऱ्यांच्या वहिवाटीनं रुळले, आणि डॉसनं त्यांना ओळख दिली ती ३.३ मध्ये, १९८७ साली. नवीन आयआरक्यू द्यायला ओळी उरल्या नव्हत्या, म्हणून जुनेच पुन्हा वाटले. आयबीएमला स्वतःला शेअरिंग हवं होतं तेव्हा त्यांनी काय केलं पाहा. त्याच १९८७ च्या पीएस/२ मशीनमध्ये मायक्रो चॅनेल हा नवा स्लॉट आणला आणि त्याचे इंटरप्ट 'लेव्हल'वर नेले. तिथे कॉम २ पासून पुढचे सगळे पोर्ट आयआरक्यू ३ वर एकत्र बसतात आणि कॉम ३ चा पत्ताही वेगळाच, ३२२० आहे. तेव्हा आयबीएमचा दाखला तुम्ही दिलात खरा, पण तो माझ्या पारड्यात पडतो.

मग तुमचं कळमन्याचं मशीन चालतं कसं? तुमच्या प्रतिक्रियेतला मला सगळ्यात आवडलेला भाग हाच, कारण तुम्ही खोटं सांगत नाही आहात. ते चालतं, आणि चालायलाच हवं.

८२५० घराण्यातल्या प्रत्येक यूएआरटीमध्ये, म्हणजे सीरियल पोर्ट चालवणाऱ्या चिपमध्ये, मोडेम कंट्रोल रजिस्टर असतं. त्यातल्या आउट-२ नावाच्या बिटचा चिपच्या दृष्टीनं काही खास उपयोग नाही. आयबीएमनं आपल्या कार्डावर त्याला दरवान केलं आणि बाकीच्यांनी नक्कल केली. आउट-२ बंद असेल तर चिपचा इंटरप्ट तारेपर्यंत जातच नाही. कार्ड तार सोडून देतं. वरही ओढत नाही, खालीही दाबत नाही. शहाणा प्रोग्रॅम पोर्ट उघडताना आउट-२ चालू करतो आणि सोडताना बंद करतो. तुमचा ऑपरेटर एक बटण दाबून मोठा काटा निवडतो, दुसरं दाबून छोटा, असं तुम्हीच लिहिलंय. म्हणजे एका वेळी एकच पोर्ट उघडा. दुसऱ्या काट्याचा इंडिकेटर तिकडे सेकंदाला कितीही वेळा वजन ओरडत असला तरी त्याचा दरवाजा बंद आहे. माझ्या लेखातलं वाक्य 'एकाच वेळी वापरायचे असतील तर' असं सुरू होतं, त्यातल्या पहिल्या दोन शब्दांवरून तुम्ही भरधाव गेलात एवढंच.

दुसरी शक्यता, प्रोग्रॅम इंटरप्ट वापरतच नसेल. बायोसची सीरियल सेवा, इंटरप्ट १४, नावाला इंटरप्ट असली तरी ती पोर्टपाशी उभं राहून 'आलं का, आलं का' विचारत बसते. हार्डवेअरचा आयआरक्यू तिला लागत नाही. ९६०० च्या वेगाला अक्षर साधारण एक मिलिसेकंदाला एक येतं, आणि दुसरं काही करायचं नसेल तर एवढ्यात विचारून होतं.

सोळा अक्षरं साठवणारी १६५५०ए ही सीरियल चिप बसवली की कॉन्फ्लिक्ट मिटतो, असं तुम्ही जाता जाता म्हणालात. नाही मिटत. ती चिप उशीर सोसते. हाक पोचतच नसेल तर सोळा अक्षरं भरून सतरावं सांडणार.

कॉम ४ चा सल्ला मी देणार नाही. त्याचा ठरलेला आयआरक्यू ३ आहे, आणि तुमचा डिस्प्लेवाला कॉम २ तिथेच बसलाय. डिस्प्लेला मजकूर इंटरप्टशिवाय जात असेल तर निभावेलही, पण त्यासाठी एवढी हलवाहलव कशाला? शिवाय २ई८ या पत्त्याची स्वतःची एक खोड आहे. आयबीएमची ८५१४/ए आणि तिच्या वळणावर गेलेली एस३ ची डिस्प्ले कार्डं ४२ई८, ८२ई८ असे पत्ते वापरतात, आणि जुनं सीरियल कार्ड पत्त्याचे खालचे दहाच बिट वाचतं. त्याला हे सगळे २ई८ च वाटतात. विंडोजनं स्क्रीन रंगवायला घेतली की तिकडे सीरियल पोर्टला उगाच कोणीतरी हाक मारल्यासारखं होतं. तुमच्या डॉसच्या पडद्यावर हे दिसणार नाही, पण पुढेमागे त्या मशीनवर विंडोज चढवाल तेव्हा शोधत बसाल.

आणि यूएसबी कन्व्हर्टर डॉसच्या उपयोगाचं नाही. डॉसमधला काट्याचा प्रोग्रॅम थेट ३एफ८ वर जाऊन रजिस्टर वाचतो. कन्व्हर्टर त्या पत्त्यावर राहतच नाही. आजच्या लॅपटॉपवर विंडोजमधून काटा वाचायचा असेल तर खुशाल घ्या, मीही वापरतो.

५ वरच का, हेही विचारलंत. आठ-बिटी कार्डाच्या दातांपर्यंत २ ते ७ एवढ्याच ओळी येतात. १० आणि ११ कितीही मोकळ्या असल्या तरी त्या लांब स्लॉटच्या पुढच्या तुकड्यात आहेत. ६ फ्लॉपीची. ५ ही साउंड कार्डांची आवडती जागा, पण काट्यावरच्या मशीनला साउंड कार्ड कशाला असेल? ७ प्रिंटर पोर्टची म्हणतात, तरी डॉस प्रिंटरला इंटरप्टशिवायच छापायला लावतं, त्यामुळे अडीअडचणीला तीही चालते. पेंटियमच्या काळातला बोर्ड असेल तर जंपरआधी बायोसमध्ये पीएनपी-पीसीआयच्या पानावर जाऊन आयआरक्यू ५ 'लेगसी आयएसए'ला राखून ठेवा, नाहीतर बायोस तो एखाद्या पीसीआय कार्डाला बहाल करून मोकळा होईल. आणि प्रोग्रॅमच्या सेटिंगमध्ये कॉम ३ चा आयआरक्यू बदलता येतो का ते आधी पाहा. प्रोग्रॅम ४ वरच अडून बसणारा असेल तर जंपर हलवून चालता काटा बंद पाडाल.

पण हे सगळं करायच्या आधी एक तपासणी करा. तुमच्या प्रोग्रॅममधून तात्पुरतं डॉसवर येण्याची सोय असेल तर छोटा काटा चालू ठेवून बाहेर या, डॉससोबत येणारा डीबग हा छोटा प्रोग्रॅम सुरू करा, आणि आय ३एफसी व मग आय ३ईसी टाइप करा. ही दोन्ही पोर्टांची मोडेम कंट्रोल रजिस्टरं. एकीकडे ०बी किंवा आठाचा बिट (तोच आउट-२) असलेला दुसरा आकडा आणि दुसरीकडे त्या बिटशिवायचा आकडा आला, तर दरवान आपलं काम करतोय. दोन्हीकडे आठाचा बिट चालू दिसला तर आय ३एफ९ आणि आय ३ई९ पाहा, ही इंटरप्ट चालू-बंद करणारी रजिस्टरं. तिथे दोन्हीकडे ०० असेल तर प्रोग्रॅम इंटरप्टशिवाय वाचतोय. तारेवर ओढाताण असली तरी त्याला तिचं सोयरसुतक नाही, आहे तसं राहू द्या. ०० नसेल, तर तुमची गाडी आजवर नशिबावर चाललीय, आणि मालकांनी दोन्ही काटे एका पडद्यावर एकत्र दाखवणारा नवा प्रोग्रॅम आणला की पहिल्याच भरलेल्या ट्रकला ती थांबेल. चारही आकडे इथेच खाली लिहा. कार्डाच्या जंपरचा फोटोही टाका. छपाई पुसलेली असेल तरी कोणती पिन ५ ची ते बहुतेक सांगता येईल.