‘सोनोग्राफीत वेळ घालवू नका, थेट सीटी करा’ : फिरणाऱ्या मेसेजला उत्तर

पोटदुखीवरचा एक मेसेज सगळीकडे फिरतो आहे. त्यात चार दावे आहेत : सोनोग्राफीत काही कळत नाही, सीटी स्कॅनमध्ये सगळं दिसतं, एमआरआयमध्ये सर्वांत जास्त रेडिएशन असतं, आणि रिपोर्ट नॉर्मल आला तर दुखणं मनाचं. चारही चूक आहेत, चौथा तर घातक.

सोनोग्राफीत काही कळत नाही? पित्ताशयातले खडे शोधायला पहिली तपासणी तीच. कोलेस्टेरॉलचे काही खडे सीटीत भोवतालच्या पित्तासारखेच दिसतात आणि निसटतात. ग्लासगोचे स्त्रीरोगतज्ज्ञ इयन डोनाल्ड यांनी १९५८ साली ध्वनिलहरींनी पोटातल्या गाठी तपासण्यावर शोधनिबंध लिहिला. त्यातल्या एका बाईंना जठराचा कॅन्सर आहे, आता शस्त्रक्रियाही शक्य नाही, असं निदान झालं होतं. सोनोग्राफीत पाण्याची मोठी गाठ दिसली. ती अंडाशयाची निघाली, काढली आणि बाई बऱ्या झाल्या. या तपासणीला मर्यादा आहेतच. आतड्यातला वायू लहरी अडवतो, मागचं स्वादुपिंड झाकलं जातं. जेवून गेलं तर पित्ताशय आक्रसलेलं असतं. म्हणून उपाशीपोटी या, लघवी रोखून या, या सूचना मनापासून पाळा.

सीटीत सगळं दिसतं, हेही खरं नाही. मुतखडा, आतड्याला पडलेलं छिद्र, अपघातानंतरचा आतला रक्तस्राव यांत सीटीला तोड नाही. तिथे रेडिएशनच्या भीतीने ती टाळू नये. पण मुतखड्यासाठी ती कॉन्ट्रास्टशिवाय, म्हणजे अवयव उठून दिसावेत म्हणून देतात ते औषध न देता करतात, तर आतड्याचा रक्तपुरवठा बघायला कॉन्ट्रास्ट लागतंच. नेमकी शंका काय, हे तपासणीला पाठवणाऱ्या डॉक्टरांच्या चिठ्ठीत लिहिलेलं नसेल तर रेडिओलॉजिस्टने कोणती पद्धत निवडायची? मला ही रिकामी चिठ्ठी मशीनच्या मर्यादेपेक्षा जास्त खटकते. शिवाय पोट आणि ओटीपोटाच्या एका सीटीत साधारण ८ ते १० मिलिसिव्हर्ट (रेडिएशन मोजण्याचं एकक) रेडिएशन मिळतं. निसर्गातून वर्षभरात मिळणारं जागतिक सरासरीने २.४ च्या आसपास असतं. त्यामुळे मुलांमध्ये आणि गरोदरपणात अपेंडिक्सची शंका असली तरी सहसा आधी सोनोग्राफीच करतात. गरोदर बाईत सोनोग्राफीने उत्तर मिळालं नाही, तर एमआरआय.

एमआरआयमध्ये क्ष-किरण नसतातच; चुंबक आणि रेडिओलहरी असतात. शरीरात पेसमेकर किंवा धातूचं काही असेल तर आधी सांगा.

आता ‘नॉर्मल’बद्दल. एंडोमेट्रिऑसिसचे (गर्भाशयाच्या अस्तरासारखा थर गर्भाशयाबाहेर वाढण्याचा आजार) पोटाच्या आतल्या आवरणावरचे बारीक ठिपके सोनोग्राफीत आणि एमआरआयमध्येही दिसत नाहीत, असं होतं. त्या बाईला ‘तुला काही झालेलं नाही’ म्हणणं हा अन्याय आहे. अंडाशयाला पीळ पडलेला असतानाही डॉपलरमध्ये (रक्तप्रवाह दाखवणाऱ्या सोनोग्राफीत) रक्तप्रवाह दिसू शकतो, आणि तिथे उशीर झाला तर अंडाशय गमवावं लागतं. ‘अपेंडिक्स दिसलं नाही’ या शेऱ्याचा अर्थ अपेंडिक्स चांगलं आहे असा होत नाही. दुखणं वाढत असेल, ताप किंवा उलट्या असतील, पोट कडक लागत असेल, तर तो नॉर्मल रिपोर्ट घेऊन त्याच दिवशी पुन्हा डॉक्टरांकडे जा.