कमिटीवर निवडून आलात? आता इंग्रजी लांबवा

सोसायटीच्या मॅनेजिंग कमिटीवर निवडून आलात, अभिनंदन! घोडबंदर रोडवर राहायचं, माजिवड्याच्या सिग्नलातून जिवंत घरी यायचं आणि वर रात्री साडेनऊला मीटिंगला बसायचं, ही साधी गोष्ट नाही. आता महत्त्वाचं काम एकच उरलं: नोटीस काढणं. ती इंग्रजीतच काढायची, आणि वाचून कोणाला काही कळता कामा नये.

आमच्या लिफ्टमधला ताजा नमुना पाहा. 'धिस इज टू ब्रिंग टू द काइंड अटेन्शन ऑफ ऑल द एस्टीम्ड मेंबर्स दॅट, परस्युअंट टू द डिस्कशन हेल्ड इन द मीटिंग ऑफ द मॅनेजिंग कमिटी, अ डिसिजन हॅज बीन टेकन विथ रिगार्ड टू द कॅरिंग आउट ऑफ द क्लीनिंग ऑफ द ओव्हरहेड टँक्स...' इथे माझा मजला येतो. रोज येतो. शनिवारी दिवसभर पाणी नाही, ही किरकोळ माहिती दुसऱ्या पानावर होती, आणि दुसरं पान पहिल्याच्या मागे स्टेपल केलेलं होतं.

शनिवारी आमच्याकडे सत्यनारायण होता.

असो. आपण शिकू या.

आधी क्रियापदाचा बंदोबस्त करा. इंग्रजी क्रियापद मुळात आखूड आणि ठसकेबाज असतं. पे, क्लीन, फिक्स, स्टॉप. असलं काही नोटिशीत शिरलं तर लोकांना पहिल्याच ओळीत कळतं काय करायचंय, आणि मग तुमची किंमत काय राहिली? म्हणून 'पे' लिहू नका, 'मेक द पेमेंट ऑफ' लिहा. 'इन्स्पेक्ट' नको, 'कंडक्ट ॲन इन्स्पेक्शन ऑफ' हवं. क्रियापदाचं नाम करायचं आणि ते वाहायला मेक, टेक, हॅव, डू यांतला एखादा हमाल लावायचा. वाक्य दुप्पट लांब होतं आणि जागचं हलत नाही.

'बिकॉज' दिसलं की 'ड्यू टू द फॅक्ट दॅट' करा. 'इफ'चं 'इन द इव्हेंट दॅट'. 'नाउ'चं 'ॲट धिस पॉइंट इन टाइम'.

'काइंडली' दर वाक्यात एकदा. धमकी असेल तर दोनदा.

'डू द नीडफुल' विसरू नका. नीडफुल म्हणजे काय, ते मात्र सांगू नका.

आता कर्मणी प्रयोग. इथे जरा थांबू, कारण अख्खी कमिटी याच्याच आडोशाला उभी असते. 'वी ब्रोक द पाइप' लिहिलंत की कोणीतरी विचारणारच, कोणी फोडला? त्यापेक्षा 'द पाइप गॉट डॅमेज्ड ड्युरिंग द कोर्स ऑफ वर्क' लिहा. पाइप आपोआप फुटला, काम आपोआप चाललं होतं, ठेकेदार कोणाचा मेहुणा हा विषयच निघत नाही. 'इट हॅज बीन ऑब्झर्व्ह्ड दॅट सम मेंबर्स...' कोणी ऑब्झर्व्ह केलं? कुठल्या झाडामागून? विचारायचं नाही. १९८७ च्या जानेवारीत रोनाल्ड रेगन अमेरिकी काँग्रेससमोर इराणला चोरून शस्त्रं विकल्याच्या प्रकरणाबद्दल म्हणाले होते, 'सीरियस मिस्टेक्स वेअर मेड.' चुका झाल्या म्हणे, आणि करणारा वाक्यातून गायब. राष्ट्राध्यक्षांना जे चालतं ते सेक्रेटरींना का चालू नये? आमच्या सेक्रेटरीकाकांना तर ते मराठीतही जमतं. शनिवारी सकाळी खाली जाऊन विचारलं, "काका, पाणी कोणी बंद केलं?" म्हणाले, "टाक्या साफ करायचा डिसिजन घेतला गेला होता." कोणी घेतला? "मीटिंगमध्ये घेतला गेला." मीटिंगला कोण कोण होतं? "अहो, नोटीस लावली गेली होती ना!" टँकर? "मागवला गेलाय." तो संध्याकाळी आला. तोवर प्रसादाचा शिरा बिसलेरीत शिजला होता, गुरुजींनी पाय रुमालाने पुसले होते, आणि शेजारच्या आजी खालच्या नळावरून कळशी घेऊन जिना चढत होत्या, कारण टाकी धुणाऱ्यांचा पंप लिफ्टच्या लाइनवर लावला गेला होता. लावला गेला होता! कोणी लावला हो?

ज्यांची ही भाषा, त्यांचं तर मुळीच ऐकू नका. १९४० च्या ऑगस्टमध्ये, जर्मन विमानं इंग्लंडवर घिरट्या घालत असताना, चर्चिलने सरकारी खात्यांना एक टिपण धाडलं. मथळा 'ब्रेव्हिटी'. अहवाल आखूड लिहा, परिच्छेद छोटे ठेवा, आणि 'इट इज ऑल्सो ऑफ इम्पॉर्टन्स टू बेअर इन माइंड द फॉलोइंग कन्सिडरेशन्स' असली भरताड काढून टाका किंवा तिथे एक शब्द लिहा. त्यांच्यावर फक्त हिटलर चालून येत होता. जनरल बॉडीला तोंड द्यावं लागलं असतं तर कळलं असतं.

जाऊ दे, मला नाही जमत हे. सरळ सांगतो. 'वी विल क्लीन द टँक्स धिस सॅटरडे. नो वॉटर नाइन टू फाइव्ह. प्लीज स्टोअर सम.' पंधरा शब्द झाले. कोण करणार, काय करणार, कधी करणार, सगळं आलं. खाली तेच मराठीत लिहा, म्हणजे वॉचमनला आणि कामाच्या मावशींनाही कळेल. यात कोणाची अक्कल कमी दिसत नाही. उलट तुमची ती दीड पानं वाचून काय दिसतं, ते विचारा एकदा कोणाला तरी. आणि येत नाही असंही नाही तुम्हाला. मेंटेनन्सच्या बिलावर बरं लिहिता, 'पे बिफोर द टेन्थ.' तिथे नाही आठवत परस्युअंट टू. तिथे कोणी द्यायचे, किती द्यायचे, कधी द्यायचे, सगळं एका ओळीत, ठळक अक्षरांत. मग पाण्याचंही तसंच लिहा ना!