धंद्याचं नाव असं ठेवा की गिऱ्हाईक रडकुंडीला आलं पाहिजे

मंडळी, नवीन ऑनलाइन धंदा काढताय? मस्त. माल, पॅकिंग, फूड लायसन, होईल हो सगळं सावकाश. आधी नाव. आणि नावातलं मला आता भरपूर कळायला लागलंय, गेल्या पंधरा दिवसांत, आत्याच्या कृपेने. ते ज्ञान फुकट वाटतोय, घ्या.

सगळ्यात आधी स्पेलिंग मोडा. सरळ 'मसाला' लिहिलं तर कोणालाही सापडेल, मग तुमचं वेगळेपण काय राहिलं? एक एस असेल तिथे दोन, शेवटी झेड, मध्ये कुठेतरी शून्य, आणि एक अंडरस्कोर तर पाहिजेच. गूगल तरी काय आहे, एकावर शंभर शून्यांच्या आकड्याला गूगॉल म्हणतात त्याचं बिघडलेलं स्पेलिंग. मग तुम्हीच का मागे राहायचं?

तर माझी आत्या सटाण्याला असते, वय ६८. मागे आमच्याकडे नाशिकला सिडकोत राहायला आली तेव्हा तिला आमच्याकडचा काळा मसाला फार आवडला, इथल्याच एका ताईंचा घरगुती धंदा आहे, नाव सांगत नाही, पण मसाला खरंच झक्कास, आणि तोच तर राग आहे. घरी गेल्यावर आत्याचा फोन, मला दोन किलो मागवायचाय, त्यांचं नाव सांग. मी नेमका द्वारका चौकात ट्रॅफिकमध्ये अडकलेलो. (द्वारकेला आणखी काय होतं.)

"एम लिही."
"लिहिला."
"ए. मग एस, दोनदा."
"दोनदा का रे?"
"तसंच आहे ते. मग ए, एल, आणि मग शून्य."
"ओ का?"
"ओ नाही गं, शून्य. आकडा."
"अरे, मसाल्यात शून्य कशाला?"

काय सांगणार? मी म्हटलं, लिही गं तू. मग अंडरस्कोर आला. खालची रेघ म्हटलं तर ती म्हणे वहीत मारू का. मागून रिक्षावाला हॉर्नवर हात ठेवूनच बसलेला. शेवटी तिने शेजारच्या पोराला बसवलं, त्याने एक एस गाळला आणि उघडलं भलतंच पेज, त्याच्यावरही मसाल्याचेच फोटो, तेच मातीचं भांडं, तीच लाल मिरची, कारण नावं काय नि फोटो काय सगळ्यांनी एकमेकांचेच उचललेत. क्यूआर होता. आत्याने १,२८० रुपये टाकले. पैसे टाकताना वर कोणा पुरुषाचं नाव आलं होतं म्हणे, पण त्यात तिला काही वावगं वाटलं नाही, आणि वाटणार तरी कसं, खऱ्या ताईंचा क्यूआरसुद्धा मिस्टरांच्याच नावावर आहे!

आठ दिवस झाले, मसाला नाही. १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला तक्रार टाकली. ताईंना मेसेज केला की असं असं झालंय, तर उत्तर आलं, "सर आमच्यासारख्या नावाचे खूप जण आहेत, कस्टमरने स्पेलिंग नीट चेक करायला पाहिजे." आणि खाली एक हसरा चेहरा.

बरोबर आहे. चूक आत्याचीच. उगाच ६८ वर्षं वाया घालवली, त्याऐवजी कीबोर्डवर अंडरस्कोर शोधायला हवा होता.

नाव फोनवर सांगून बघा, असा सल्ला कोणी दिला तर अजिबात ऐकू नका. जेफ बेझोस त्या सल्ल्याने फसला. १९९४ साली त्याने कंपनी 'कडाब्रा' नावाने नोंदवली, वकिलाला ते फोनवर 'कॅडॅव्हर' ऐकू आलं, म्हणजे प्रेत, आणि हा घाबरून लगेच नाव बदलून मोकळा. अमेझॉन केलं. भित्रा माणूस. तुम्ही बदलू नका, गिऱ्हाईकाला कान तपासून घ्यायला सांगा.

बरं, काय विकता ते नावातून कळता कामा नये. शेवटी पाय मोडलेला म असलेलं, संस्कृतसारखं काहीतरी घ्या. योगा क्लास आहे, साबण आहे का पाथर्डी फाट्याची फ्लॅटची स्कीम आहे, लोकांनी ओळखत बसावं. आणि किंमत अर्थात इनबॉक्समध्ये.

नाहीतर दोन्ही मुलांच्या नावांची अर्धी अर्धी अक्षरं जोडा, तिसरं झालं तर बघू.

तेही जमत नसेल तर चुलीवरचं, गावरान, अस्सल, आजीच्या हातचं, यातला कुठलाही शब्द घ्या. मिसळ चुलीवर चालली ना नाशकात, मग लोणचंही चुलीवरचं, उद्या कुर्तीही चुलीवरची. २०२७ चा सिंहस्थ येतोच आहे, पुढे 'कुंभ' लावून टाका. आणि 'नाशिक' तर लावाच, इंग्रजीत एच घालून की न घालता ते मात्र दर पोस्टला बदलत राहा.

वेबसाइटच्या पत्त्यात डॉटच्या आधीच्या तुकड्याला ६३ अक्षरं चालतात, एकही वाया घालवू नका.

आणि ते नाव आधी कोणी घेतलंय का, हे कृपा करून बघू नका. ट्रेडमार्कच्या सरकारी साइटवर शोधायला एक रुपया लागत नाही, म्हणूनच बहुतेक कोणी शोधत नाही. मसाले ३० नंबरच्या वर्गात येतात, एकट्या माणसाला ऑनलाइन अर्जाला एका वर्गाचे ४,५०० रुपये, नोंदणी मिळाली की १० वर्षं बघायला नको. पण नुसतं मालाचं नाव किंवा नुसतं गावाचं नाव घेऊन गेलात तर १९९९ च्या कायद्यातलं कलम ९ आडवं येतं, म्हणजे थोडं डोकं लावावं लागणार, आणि एवढा वेळ कुठंय आपल्याकडे, लोगोचा सोनेरी रंग अजून ठरायचाय! डोमेनच्या नावालाही ट्रेडमार्कसारखं संरक्षण आहे हे सुप्रीम कोर्टाने २००४ सालीच सांगून ठेवलंय, म्हणजे जुळ्या नावावाल्याला रोखता येतं हो, पण त्यासाठी आधी स्वतःचं नाव जरा धड पाहिजे ना!

जाऊ दे, आता सरळच बोलतो, मला नाही जमत हे गोड गोड.

अहो, मोगलांनी आपल्या गावाचं गुलशनाबाद करून बघितलं, केवढं नटवं नाव, फुलाबागांचं. कोण म्हणतं आज? लोकांच्या तोंडात नाशिकच राहिलं, आणि तेही कुठून आलं म्हणतात तर शूर्पणखेच्या कापलेल्या नाकावरून. रविवार कारंज्याला जाऊन जरा पाट्या वाचा, आडनाव आणि पुढे माल, संपलं. रिक्षात बसून तेवढं म्हटलं की माणूस दारात सोडतो. त्यांच्यापैकी कोणी ब्रँडिंगचा कोर्स केला नव्हता. तुम्ही मेहनत करता, पहाटे उठून मिरच्या भाजता, शेजारीपाजारी ठसका लागून शिव्या देतात, सगळं मान्य. मग पाटीवर असं नाव का लावता जे तुमच्याच गिऱ्हाईकाला उच्चारता येत नाही? कोणाला इम्प्रेस करताय? आणि बाई फसली, पैसे गेले, तर स्पेलिंग तिने चेक करायचं? मोडलं कोणी ते स्पेलिंग? तिने? साधं 'अरेरे, वाईट झालं' एवढं लिहायला काय जात होतं?

परवा आत्याला मसाला पाठवला, रविवार कारंज्यावरनं घेतला, सटाण्याला जाणाऱ्या ओळखीच्या माणसाबरोबर. तुमच्या मसाल्याची सर नाही त्याला, ती स्वतःच म्हणाली. पण पुन्हा तुमचं नाव सांगू का विचारलं, तर नको म्हणाली.

आणि ताई, तो हसरा चेहरा तेवढा डिलीट करा.